बाभळीची दारं आणि माशांची वाट

माशाची फलित अंडी पाण्यातून काढायची, ओल्या कापसात गुंडाळायची, डब्यात बंद करून विमानानं पाठवायची आणि पोचल्यावर त्यांतून जिवंत पिल्लं निघायची. गोदाकाठच्या एखाद्या जुन्या भोयाला हे सांगितलं तर तो आधी आपल्या तोंडाकडं बघत राहील. पण लोणावळ्यात हे घडलेलं आहे. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या दोघा मत्स्यशास्त्रज्ञांनी महाशीर माशाच्या अंड्यांवर हा प्रयोग केला आणि 1979 साली त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यामागचं कारण साधं आहे. रोहू-कटल्याच्या अंड्यातून दिवसाच्या आतच पिल्लू बाहेर पडतं. महाशीरच्या अंड्याला तीन-चार दिवस लागतात. तेवढ्या अवधीत ओलावा टिकला, तर अंडं पाण्याविनाही प्रवास करू शकतं.

मी अर्धापूरचा. आमचा तालुका केळीचा. इसापूर धरणाचं आणि पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचं पाणी आलं की बागा तरारतात, नाही आलं की आंदोलनं होतात. महाशीर आमच्याकडं कुणाच्या बोलण्यात नाही. तरीही या माशाची कथा मी नांदेड-लातूरच्या वाचकाला सांगतोय, कारण नदीतला मासा कशानं वाचतो आणि वाचवायला निघालेल्या माणसाच्या हातूनच कसा जातो, हे या एका माशाइतकं दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही.

महाशीर हा वाहत्या, खडकाळ, स्वच्छ पाण्याचा मासा. मोठे खवले, जाड ओठ, मिशांसारखे चार स्पर्शक आणि प्रवाहाविरुद्ध चढण्याची ताकद. दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंद झाली ती पुण्यातल्या माशावरून. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी असलेला कर्नल विल्यम साइक्स दख्खनभर हिंडून पिकं, पाऊस, पक्षी, मासे सगळ्यांची मोजदाद करत होता. मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन त्यानं 1839 साली मांडलं आणि लोकांच्या तोंडच्या नावावरूनच त्याला ‘खुद्री’ हे नाव दिलं. ज्या पाण्यातून शास्त्राला हा मासा कळला, त्या मुळा-मुठेचं आज काय झालंय, ते पुणेकरांना सांगायला नको.

सह्याद्रीच्या माथ्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी विजेसाठी धरणं बांधली. वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मग मुळशी. मुळशीच्या शेतकऱ्यांचा आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह आपण इतिहासात वाचतो. माशांची कहाणी त्या पानांवर नाही. पावसाळ्यात हा मासा उथळ, खडीच्या ओढ्यांत चढून अंडी घालतो. भिंत उभी राहिली की वरचे वर आणि खालचे खाली. त्यात सुरुंग लावून मासे मारण्याची भर पडली. 1970च्या सुमारास टाटांच्या कंपनीनं लोणावळ्याला महाशीरचं बीजकेंद्र सुरू केलं. पावसाळ्यात तलावातले पूर्ण वाढलेले नर-मादी धरायचे, मादीचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचं वीर्य फिरवायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये अंडी ठेवायची आणि मासे परत सोडून द्यायचे. अर्धशतक हे काम चाललं. इथली अंडी आणि बोटुकली देशातल्या कितीतरी राज्यांत गेली. 2020च्या सुमारास हा मासा आंतरराष्ट्रीय लाल यादीतल्या ‘धोक्यात’ या वर्गातून ‘चिंता कमी’ या वर्गात आल्याची बातमी आली आणि लोणावळ्याचं कौतुक झालं. ते रास्त होतं.

०००

आता कावेरीकडं जाऊ. गोष्ट तिथं वळण घेते.

गळानं मासा धरण्याचा छंद इंग्रजांनी आपल्या नद्यांवर आणला तेव्हा त्यांच्या मनात स्कॉटलंडचे ट्राऊट आणि सामन होते. 1900च्या आसपास त्यांनी ट्राऊटची अंडी बर्फात घालून बोटीनं काश्मीरला आणली, पुढं कुलूच्या खोऱ्यात नेली. तिथल्या थंड ओढ्यांवर आजही फ्लाय फिशिंग चालतं. पक्ष्याची पिसं आणि धागा बांधून गळाचं किड्यासारखं सोंग करायचं. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून दोर जड घ्यायचा आणि काठी मागंपुढं झुलवत तो दोर हवेतून लांबवत पाण्यावर अलगद टेकवायचा. आमच्याकडं आसना नदीच्या पुलाखाली गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बसणाऱ्याला हे नवल वाटेल. पण पाणी वाचण्याची विद्या दोघांचीही एकच आहे. धार कुठं मोडते, डोह कुठं सुरू होतो, सावली कुणीकडं पडली, हे ज्याला कळतं त्यालाच मासा लागतो.

मैदानी आणि दक्षिणी नद्यांवर साहेबांना महाशीर भेटला आणि ते ट्राऊट विसरले. मंगळूरकडं कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसनं 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. नद्यांत विष कालवून, बारीक आसाची जाळी लावून माशांचा निर्वंश चाललाय, अशी तक्रार याच थॉमसनं सरकारकडंही केली होती. त्याच सुमारास डॉ. फ्रान्सिस डे यांनी देशभरच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा अहवाल दिला. या सगळ्यातून 1897चा भारतीय मत्स्य अधिनियम आला. पाण्यात सुरुंग लावणं आणि विष टाकणं तेव्हापासून गुन्हा आहे. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपयांना किंमत होती.

कावेरीत एक महाशीर होता, तो जगात दुसरीकडं जवळजवळ कुठंच नव्हता. पाठीवर डोक्यामागं कुबडासारखा उंचवटा, नारिंगी झाक असलेले पर आणि प्रचंड देह. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं काबिनीवर 120 पौंडाचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा मासा गळाला लावला होता. त्याआधी आणि नंतरही अनेकांनी हा मासा पाहिला, त्याचे फोटो काढले. तरी शास्त्रात त्याला धड नाव नव्हतं.

1972 साली बंगळूरला वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था निघाली. गळवाल्यांनीच पुढाकार घेतलेल्या या संस्थेनं कावेरीचा एक पट्टा सरकारकडून सांभाळायला घेतला. पुढं भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमकळी इथं सरकारी छावण्या उभ्या राहिल्या. नियम असा की मासा धरायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि जिवंत सोडून द्यायचा. पूर्वी सुरुंग लावणारे काहीजण तिथं वाटाडे झाले, पगारावर आले. मला या व्यवस्थेचं मोल फार वाटतं. कायद्याच्या पुस्तकानं शंभर वर्षांत जे झालं नाही, ते एका पट्ट्यावर माणसं रोज हजर राहिल्यानं झालं. सुरुंगाचा आवाज थांबला.

पण त्याच काळात कावेरीत माशांची संख्या वाढावी म्हणून बोटुकली सोडली गेली. ती लोणावळ्याची होती. दख्खनचा महाशीर, निळ्या परांचा, साइक्सनं नोंदलेला. दोघेही महाशीर, तेव्हा हरकत काय, असंच सगळ्यांना वाटलं असणार. नवा मासा तिथं रुजला, फोफावला. गळाला मासे भरपूर लागू लागले. कुणालाही वाटावं की नदी सुधारली.

खरी परिस्थिती उघड झाली ती छावणीच्या वह्यांतून. गलिबोरेच्या छावणीत 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी होत्या. कोणत्या दिवशी कुणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती, हे सगळं त्यांत लिहिलेलं. ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांनी 2015च्या सुमारास हा हिशेब मांडला. सुमारे चोवीस हजार तासांची मेहनत आणि सहा हजारांवर मासे. त्यातून दिसलं ते असं : निळ्या परांचे मासे वर्षागणिक वाढत गेले आणि कुबडाचे घटत गेले. कुबडाच्या माशांतही लागायचे ते म्हातारे, मोठे. कोवळे दिसेनासे झाले होते. ज्या घरात मूल जन्मत नाही, तिथली म्हातारी माणसं पाहून घर भरलेलं म्हणता येत नाही. 2018 साली हा कुबडाचा महाशीर म्हणजे केरळच्या पांबार नदीतून आधीच नोंदलेली ‘टॉर रेमादेवी’ ही जात आहे हे सिद्ध झालं. नाव मिळालं आणि त्याच वर्षी लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्काही बसला.

एकट्या पाहुण्या माशानं हे केलं असं कुणी म्हणत नाही. धरणं, वाळूउपसा, चोरटी मासेमारी यांचाही वाटा आहे. पण महाराष्ट्रातलं अत्यंत चांगल्या हेतूचं, चांगल्या हातांचं काम हजार किलोमीटरवरच्या नदीत जाऊन एका माशाच्या मुळावर येऊ शकतं, हे नाकारता येत नाही. मासा वाचवणं म्हणजे बीज सोडणं, ही आपल्याकडं मुरलेली समजूत इथं मोडते. त्या वह्या नसत्या तर आजही आपण कावेरीचा गौरवच करत राहिलो असतो.

2012च्या सुमारास संरक्षित वनक्षेत्रातला गळाचा खेळ बंद झाला आणि छावण्यांतलं हे काम थांबलं. वाटाडे घरी बसले, रोजची हजेरी गेली, वह्याही थांबल्या. शिकार नको या भावनेचा मी आदर करतो. पण त्या निर्णयानं नदीवरची माणसं उठली आणि नदी पुन्हा एकटी पडली, हेही खरं आहे. कोडगूत वालनूरच्या परिसरात कूर्ग वाइल्डलाइफ सोसायटी नदीचा पट्टा सांभाळत आणि गळवाल्यांचे मेळावे भरवत आली, कारण तो पट्टा अभयारण्याबाहेर होता.

०००

महाराष्ट्रात नदीवर माणसांची हजेरी राहिली ती बहुतेक देवामुळं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. खडकातल्या त्या खोल कोंडात महाशीर राहतात. वरदायिनी देवीचे मासे म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही. वर झुलता पूल, खाली पाणी. चुरमुरे टाकले की मासे वर येतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळशाच्या शंकरापुढंही असेच मासे आहेत. देहू-आळंदीच्या इंद्रायणीत तुकोबा-ज्ञानोबांचा मासा म्हणून त्यांना अभय मिळालं. सरकारचा कागद नाही, पहारेकरी नाही, तरी शतकानुशतकं हे टिकलं. पण या अभयाला मर्यादा आहे. कोंडातला मासा कुणी मारणार नाही; वरून येणारं पाणी मात्र कुणाच्याही हद्दीत नसतं. इंद्रायणीवर तरंगणारा फेस आपण वारीच्या दिवसांत टीव्हीवर पाहतो.

विदर्भात याहून वेगळं काम झालं आणि माझ्या मते आम्हा मराठवाड्यातल्यांनी शिकायचं ते तिथं. भंडारा-गोंदियाकडं गोंड राजांच्या काळापासूनचे हजारो मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी ही जमीनदारी पद्धत 1950च्या सुमारास गेली, तलाव सरकारकडं आले, देखभाल सुटली. बेशरम वनस्पती माजली, देशी मासे घटले आणि ढीवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी सल्ल्यानुसार रोहू, कटला, मृगळ आणि गवत्या मासा सोडला. गवत्या पाण्यातलं गवतच फस्त करतो. ते गवत गेलं की देशी माशाला अंडी घालायला आणि लपायला जागा राहत नाही. मनीष राजनकर यांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळातर्फे या ढीवरांबरोबर काम सुरू केलं. पतीराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढीवराला कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्यानं राहतो, कधी चढतो, कुठं अंडी घालतो, हे तोंडपाठ होतं. त्या ज्ञानावर आराखडा बांधला. उन्हाळ्यात तलावाचा कोरडा भाग नांगरायचा, बेशरम मुळासकट काढायची, पाणवनस्पती आणून लावायच्या, मग देशी मासे सोडायचे आणि पिल्लांना हात लावायचा नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तलावांत देशी मासे परतले, पक्षी परतले, ढीवरांच्या घरात पैसा आला. बायकाही या कामात पुढं आल्या, त्यांनी गावोगावी तलावांची जबाबदारी घेतली.

०००

नांदेडहून अर्धापूरला येताना आसनेचा पूल लागतो. रविवारी गळ घेऊन बसलेली माणसं तिथं दिसतात, विष्णुपुरीच्या फुगवट्यावर दिसतात, कालव्याची पाळी संपली की डबक्यांत हात घालणारी पोरं दिसतात. मासा या भागाला परका नाही. भोई समाजाचं पोट त्यावर चाललं. जलाशय ठेक्यानं मच्छीमार संस्थांना जातात, ठेक्यात मत्स्यबीज सोडण्याची अट असते आणि ते बीज बहुतेक रोहू-कटला-मृगळाचंच असतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन माशांची वीण करवली. देशभरची धरणं गंगेच्या खोऱ्यातल्या या माशांनी भरली ती त्यानंतर. त्यानं लाखो कुटुंबांना रोजगार दिला, हे मोठं काम आहे. चिलापी 1952 साली देशात आली आणि पुढं न सोडताही पसरली. बंदी असलेला आफ्रिकन मांगूरही पळून नद्यांत शिरला.

यांत आमचे मासे कुठं गेले? मरळ अजून आहे, कारण ती हवेतून श्वास घेते आणि चिखलातही तग धरते. पण तिची पिल्लं लालसर थव्यानं पाण्याच्या वर येतात आणि आई-बाप खाली राखण करतात, हे ज्याला माहीत आहे तो नेमका त्या थव्याखालीच गळ सोडतो. राखणदार गेले की थवा संपला. शिवडा, एकेकाळी हातभर सहज मिळणारा, आता आंतरराष्ट्रीय यादीत धोक्याच्या वर्गात आहे. वाम कमी झाली, असं जुनी माणसं सांगतात. मृगाचा पहिला पाऊस पडून ओढ्यांना लाल पाणी आलं की गाभोळीनं भरलेले मासे उलटे चढतात. त्याच दिवसांत पोत्यांनी, बारीक आसाच्या जाळ्यांनी, आता तर विजेच्या तारा सोडूनही ते धरले जातात. समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नदी-ओढ्यातल्या चढणीच्या माशाला असे दिवस कुणी दिले आहेत, हे गावात विचारून बघा.

त्यावर उपाय म्हणून लोणावळ्याहून महाशीर आणून पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाखालच्या डोहात सोडावा, असं कुणी सुचवलं तर मी विरोध करीन. पैनगंगेत आज कोणकोणते मासे आहेत याची वही आधी असली पाहिजे. कावेरीवर वही होती म्हणून चूक निदान कळली. आपल्याकडं ती कळणारही नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती नांदेडच्या वाचकाला माहीत आहे, पण माशांच्या बाजूनं तिच्याकडं कुणी पाहत नाही. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. तेलंगणच्या श्रीरामसागराच्या पाण्यावरून दोन राज्यांत वाद झाला आणि 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याची सगळी दारं वर उचललेली राहतील, 29 ऑक्टोबरला बंद होतील. दरवर्षी 1 जुलैला दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी तिथं जमतात, पाण्याची पातळी नोंदतात, चौदा दारं उघडली जातात. वर्तमानपत्रांत फोटो येतो. दख्खनच्या नद्यांत मासे अंडी घालायला वर चढतात ते मुख्यतः याच महिन्यांत. कुणाच्याही मनात नसताना गोदावरीच्या या तुकड्यावर माशांसाठी चार महिने वाट मोकळी होते. फक्त मृगातली पहिली चढण त्यात बसत नाही. जूनमध्ये पहिलं लाल पाणी येतं तेव्हा दारं अजून बंद असतात. आणि वर विष्णुपुरीपर्यंतच्या इतर बंधाऱ्यांवर असा कुठला आदेश नाही.

आमच्या भागात नदीसाठी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, अधिकाऱ्यांसकट माणसं जमतात ती ही एकच जागा. मला वाटतं, सुरुवात तिथून करता येईल. 1 जुलैला बाभळीवर धर्माबाद, बिलोली, उमरी, नांदेडकडचे भोई, मच्छीमार संस्थांचे सभासद, आसनेच्या पुलावरचे गळवाले आणि नांदेडच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी जमावेत. दारं उघडल्यावर पुढचे काही दिवस वर आणि खाली कोणता मासा मिळतो, किती लांबीचा, अंड्यावर आहे की नाही, ते नाव-माप-तारखेसह लिहावं. अंड्यावरचा मासा मोजून परत सोडावा. त्यासाठी गळाचा उलटा दात पक्कडीनं दाबून टाकायचा, मासा ओल्या हातानं धरायचा आणि पाण्यातच सोडवायचा. फ्लाय फिशिंगवाल्यांकडून एवढं घ्यायला हरकत नाही, पिसांची माशी त्यांच्याकडं राहू दे. माशांची नावं मात्र भोयांनी सांगावीत, विद्यार्थ्यांनी शास्त्रीय नाव शेजारी लिहावं. 29 ऑक्टोबरला दारं बंद होताना पुन्हा तेच.

पाच पावसाळ्यांची अशी वही झाली की ती घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाकडं दोन मागण्या करता येतील. मृगाच्या पंधरवड्यात आसना, मांजरा, लेंडी या उपनद्यांच्या तोंडाशी जाळं बंद. आणि जलाशयाच्या ठेक्यात बीज सोडण्याच्या अटीबरोबर देशी माशांची वार्षिक नोंद ठेवण्याची अट. ठेका मच्छीमार संस्थेचाच राहील, नोंदही तिचीच राहील. जाळं बंदीच्या दिवसांत भोयाच्या घरात काय शिजणार, याचं उत्तर याच मागणीत असलं पाहिजे. समुद्रावरच्या मच्छीमाराला बंदीच्या काळात मदत मिळावी असा आग्रह आपण धरतो, तोच हक्क गोदावरीवरच्या माणसाचा आहे.